मुकुट एकाकडे, चेकबुक दुसऱ्याकडे: युद्धखेळ मंडळाची नियमावली बदलताना

कुळागर (धागाकर्ता)

कदंबांपासून संभाजीराजांच्या फोंड्याच्या लढाईपर्यंतचे प्रसंग उभे करणारं, ढाल-तलवार, भाला, दांडपट्टा शिकवणारं गोव्यातलं एक मंडळ धरा. साठ सभासद, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी, सात जणांची कार्यकारिणी. कागदावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे आहेत. प्रत्यक्षात कारभार चालतो प्रथेवर. दसऱ्याच्या आखाड्यात शेवटपर्यंत उभा राहील तो वर्षाचा राजा, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवरही तोच. शिगम्याच्या मिरवणुकीत पुढे कोण, सरदारकी कोणाला, हॉटेलचा कार्यक्रम घ्यायचा की नाही, नव्या ढाली कोणाकडून करून घ्यायच्या, सगळं त्याच्याच तोंडून.

खेळापुरतं हे शोभतं. पण तलवार चांगली चालवणाऱ्याला जमाखर्च कळतोच असं नाही. दरवर्षी राजा बदलला की बँकेतल्या सह्या बदलतात, केवायसीचे कागद नव्याने द्यावे लागतात आणि ऐन हंगामात खातं अडकतं. राजा बदलला तरी त्याने नेमलेले सरदार मात्र जागचे हलत नाहीत, त्यामुळे चार-पाच वर्षांत सरदार जास्त आणि शिलेदार कमी अशी गत होते.

नियमावली नव्याने लिहायची तर हात कुठून घालावा? राजाचा अधिकार कुठे संपतो, मतं किती लागतात, पैसा, शस्त्रं, काळाची मर्यादा, ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहावं. अनुभवकथन नको, कलमं हवीत.

नोंदवही

आधी या खेळातल्या जुन्या आणि अवाढव्य संस्थेने हे कसं सोडवलं ते पाहू. 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनॅक्रॉनिझम' ही अमेरिकेतली संस्था. १ मे १९६६ ला बर्कलीत एका घराच्या परसात भरलेल्या स्पर्धेतून ती सुरू झाली आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात ना-नफा संस्था म्हणून नोंदली गेली. आज तिची वीस 'राज्यं' आहेत. राजा तिथेही लढतीतूनच ठरतो, बहुतेक राज्यांत वर्षातून दोनदा, पश्चिम राज्यात तीनदा.

पण राजाशेजारी 'सेनेशल' असतो आणि कायद्याच्या लेखी राज्याचा प्रतिनिधी तो. खजिना एक्स्चेकरकडे, रणांगण मार्शलकडे. राजा दरबार भरवतो, पदव्या देतो, खेळापुरते कायदेही करतो. वर संचालक मंडळ आहे, संस्थेची नियमपत्रं आहेत, त्यांच्याविरुद्ध राजाज्ञा चालत नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही म्हणा. शिवकाळातल्या किल्ल्याचा कारभार आठवा. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे, शिबंदी सरनौबताकडे. एकट्याने फितूर व्हायचं म्हटलं तरी किल्ला देता येऊ नये, ही त्यामागची अक्कल. मंडळातही पदनामं हीच ठेवावीत. पोशाखाला शोभतात आणि काम कोणाचं ते नावातच कळतं.

पहिला मसुदा:

'राजा हे मानाचं पद राहील. मुदत एका दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत. राजाला दरबार, मिरवणुकीतला क्रम, लढतीतल्या बाजूंची वाटणी आणि एका वर्षात जास्तीत जास्त दोन मानपदव्या देण्याचा अधिकार राहील. मंडळाचा पैसा, मालमत्ता, करार, सभासदत्व, शिस्तभंग आणि सुरक्षा यांबाबत राजाला सभासद म्हणून असलेल्या एका मतापलीकडे अधिकार राहणार नाही. राजपदाच्या मुदतीत ती व्यक्ती अध्यक्ष, सचिव वा खजिनदार असणार नाही.'

शेवटचं वाक्य विसरू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

मांडवीपार

नोंदवही बाब, मसुदा चांगला आहे, पण त्या अमेरिकन संस्थेचं गुणगान जपून. संचालक निवडताना तिथले सभासद नावं सुचवतात, निवड मात्र बसलेले संचालकच करतात. सामान्य सभासदाला मत नाही. त्याचं फळ त्यांना १९९४ मध्ये मिळालं. कार्यक्रमात उतरायचं तर सभासदत्व सक्तीचं, असं संचालक मंडळाने ठरवलं. तोवर वर्गणी न भरताही येऊन खेळता येत होतं. राज्याराज्यांत भडका उडाला. हिशेब दाखवा म्हणून सभासद कोर्टापर्यंत गेले. शेवटी सक्ती मागे घ्यावी लागली, बिगर-सभासदाकडून थोडं जादा प्रवेशशुल्क घ्यायचं हा मधला रस्ता रुळला, आणि त्याच वर्षी 'ग्रँड काउन्सिल' नावाचं मंडळ नेमलं गेलं. तेही सल्ला देण्यापुरतं. निर्णयाचा अधिकार त्याला नाही.

तेव्हा राजाचे पंख छाटून कार्यकारिणीला डोक्यावर बसवणार असाल तर एका राजाऐवजी सात राजे होतील. पैसे वाढवले यापेक्षा वह्या दाखवल्या नाहीत याचा राग माणसं जास्त धरतात. कलम असं हवं: 'कोणत्याही सभासदाने लेखी मागणी केल्यापासून सात दिवसांत खातेवही, पावतीपुस्तकं, बँक विवरण आणि सभांची इतिवृत्तं मंडळाच्या जागेत पाहायला मिळतील.' 'योग्य कारण दिल्यास' असले शब्द घालू नका. योग्य कारण कोणतं हे ज्याची वही तोच ठरवणार असेल तर कलम फुकट.

शिमगोकार

+१. एक विचारतो. हे सगळं बदलायला उपस्थितांपैकी तीन-पंचमांश मतं पुरतात ना? चाळीस आले तर चोवीस?

नोंदवही

नाही. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याचं कलम १२ संस्थेच्या उद्देशातला बदल आणि विलीनीकरण यांबद्दल आहे. कार्यकारिणीने लेखी वा छापील प्रस्ताव प्रत्येक सभासदाकडे पोचवायचा, विशेष सभेची दहा दिवस आधी नोटीस द्यायची, त्या सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी ठराव व्हायला हवा, स्वतः हजर राहून किंवा प्रतिनिधीमार्फत. मग एका महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी त्यावर शिक्कामोर्तब. पहिल्या सभेत एकूण सभासद मोजायचे, दुसऱ्या सभेत हजर असलेले. साठ सभासदांच्या मंडळाला पहिल्या दिवशी ३६ मतं लागतात, मग सभेला चाळीस येवोत की पंचावन्न.

आता कलम १५. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेल्या माणसाला मत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. साठांपैकी नऊ जणांची वर्गणी अशी थकली असेल तर मोजायचे ५१, आणि त्यांचे तीन-पंचमांश ३०.६ म्हणजे ३१ मतं. पाच मतांचा फरक पडला, आणि पाच मतांवर घटना अडतात.

यात तारखेची एक मेख आहे. वर्गणी १ एप्रिलला देय असेल आणि सभा जूनच्या शेवटच्या रविवारी ठेवलीत, तर यंदाची वर्गणी न भरलेलेही मतदारच राहतात, कारण थकबाकी तीन महिन्यांच्या पुढे गेलेली नसते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी तेच नऊ जण बाहेर पडतात. हे चोरून करायचं नाही. मेमध्येच सगळ्यांना थकबाकीचं पत्र द्या, 'अमुक तारखेनंतर मताधिकार राहणार नाही' असं त्यात स्पष्ट लिहा आणि पावतीपुस्तक घेऊन कोणालातरी दोन रविवार तालमीच्या जागी बसवा. नाहीतर विरोधकांची नावं मुद्दाम गाळली हा आरोप आयुष्यभर पुरतो.

उद्देश तसेच ठेवून फक्त नियमावली बदलायची असेल तर कलम १२ थेट लागू होत नाही, नियमावलीतच बदलाची जी रीत दिलेली असेल ती पाळायची. जुनी नियमावली त्यावर मौन असेल तर कलम १२ चीच पद्धत वापरावी. वेळ जास्त लागतो, पण उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर तयार असतं.

शिमगोकार

देव बरें करूं. नोटीस व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली तर? सगळे तिथेच असतात.

नोंदवही

कायद्याचे शब्द हातात देणे किंवा टपालाने पाठवणे असे आहेत. गटावर टाका, जरूर टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तालमीला येणाऱ्यांना हातात देऊन वहीत सही घ्या, बाकीच्यांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावत्या त्याच वहीत चिकटवा. दहा दिवस मोजताना टपालाचे तीन-चार दिवस वेगळे धरा, म्हणजे सभेच्या पंधरा दिवस आधी नोटिसा घराबाहेर पडलेल्या हव्यात. पत्ते जुने असतात हा दुसरा घोळ. परत आलेलं पाकीट फोडायचं नाही, तसंच ठेवायचं.

प्रतिनिधीमार्फत मत कायद्याला चालतं, पण एकाच्या हातात किती अधिकारपत्रं असावीत हे नियमावलीत बांधा. एका हजर सभासदाकडे जास्तीत जास्त एक. नाहीतर एक सरदार पंधरा सह्या खिशात घालून येईल.

जमाखर्च

आता पैशाकडे वळू. हे नीट बांधलं तर राजाबद्दलची निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

बँकेत तीन नावं ठेवा, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. त्यातल्या दोघांच्या सह्या आणि दोघांपैकी एक खजिनदारच. कार्यकारिणीची मुदत दोन वर्षं, पण सातही जण एकदम बदलायचे नाहीत. एका वर्षी चार, पुढच्या वर्षी तीन. तिन्ही सह्यांची माणसं एकाच वर्षी निघणार नाहीत अशी चिठ्ठी पहिल्याच वेळी टाका, म्हणजे खातं कधी बंद पडत नाही.

कार्यक्रमाच्या बिदागीचं गणित कागदावर आधीच ठरलेलं हवं. समजा एका हॉटेलातल्या लग्नात अठरा जणांनी प्रवेश-लढत केली आणि ४०,००० रुपये ठरले. टेम्पो आणि डिझेल ६,०००, जेवण ३,०००, शस्त्र-चिलखत सांभाळ निधी दहा टक्के म्हणजे ४,०००. उरले २७,०००. अठरा जणांना प्रत्येकी ५०० मानधन म्हणजे ९,०००, बाकी १८,००० मंडळात. राजालाही ५००, ढोलवाल्यालाही ५००. पैसे आधी मंडळाच्या खात्यात, मग खात्यातून वाटप. हॉटेल टीडीएस कापणार, तो मंडळाच्या पॅनवर कापला गेला पाहिजे. एखाद्या सरदाराच्या पॅनवर कापला गेला तर उत्पन्न त्याचं दिसतं आणि कटकट दोघांना होते. शिगम्याच्या स्पर्धेच्या बक्षिसालाही हाच नियम. करंडक राजाच्या घरी वर्षभर राहू दे, धनादेश नाही.

सार्वजनिक उपयोगाची संस्था म्हणून आयकराची सवलत घेतलेली असेल तर धंद्यासारख्या कामातून येणारी रक्कम वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. ती गेली तर त्या वर्षाची सवलत जाते. लग्नांचे हंगाम वाढले की हा आकडा नकळत ओलांडला जातो. म्हणून खजिनदाराने दर तिमाहीला टक्केवारी काढून कार्यकारिणीपुढे ठेवावी, मार्चअखेर नव्हे.

गोव्यापुरती खास भानगड म्हणजे विदेशी देणगी. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी रुपयांत असली तरी ती विदेशी निधीच, आणि विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. खेळ पाहून खूश झालेल्या पाहुण्याने दानपेटीत टाकलेली नोट यात येतेच. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपला गाववालाही यात येतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात नसतं. तो चतुर्थीला घरी येतो, मंडळाला पाच हजार देतो आणि आपण आनंदाने पावती फाडतो. पावतीपुस्तकावरच 'देणगीदार भारतीय नागरिक आहे' अशी चौकट छापून घ्या. ठरलेल्या कार्यक्रमाचं शुल्क वेगळं, ती सेवेची किंमत आहे, देणगी नाही.

खरेदीबाबत एवढंच: २,००० पर्यंत पदाधिकारी एकटा, २०,००० पर्यंत दोन दरपत्रकं, त्यापुढे तीन आणि कार्यकारिणीचा ठराव. ढाली-शिरस्त्राणं बनवणारा लोहार किंवा चर्मकार मंडळाचाच सभासद असेल तर चांगलंच आहे, त्याला काम जरूर द्या. फक्त त्या विषयाला मत देताना त्याने खोलीबाहेर जावं.

वेताची काठी

सुरक्षेच्या कलमाशिवाय बाकी सगळं पोरखेळ आहे. माझा मसुदा दोन वाक्यांचा: 'रणांगणावर सरनौबताचा शब्द अंतिम. राजा, अध्यक्ष, यजमान कोणीही कार्यक्रम संपेपर्यंत तो फिरवणार नाही.' सरनौबताला राजाचीच तलवार बाद ठरवता आली पाहिजे. ते जमत नसेल तर पदाला अर्थ नाही. नेमणूक कार्यकारिणीने करायची, राजाने नाही, आणि ज्या दिवशी सरनौबत आहात त्या दिवशी स्वतः लढायचं नाही.

तपासायचं काय, तेही परिशिष्टात लिहा, कलमात नको. कलम बदलायला दोन सभा, परिशिष्ट कार्यकारिणी बदलू शकते.

पूर्ण जोराच्या लढतीला वेत. वर ज्या संस्थेचा विषय निघाला तिचा नियम इथे जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. वेताचा व्यास सव्वा इंच म्हणजे साधारण ३२ मिमीपेक्षा कमी नको, शिरस्त्राणाचा पत्रा निदान १.६ मिमी, तोंडाच्या जाळीतून एक इंच जाडीची काठी आत जाता कामा नये. आपल्या हवेत भर एवढीच की पावसाळ्यात वेताला बुरशी आणि भुंगा लागतो. गुंडाळलेली टेप दर हंगामाला पूर्ण काढून आतला वेत पाहायचा. टोकाकडे तंतू सुटून ब्रशसारखे झाले असतील किंवा दाबल्यावर मऊ लागला तर कापून टाकायचा, वरून आणखी टेप गुंडाळायची नाही.

लोखंडी पात्यांनी फक्त बसवलेली लढत, एकेक वार ठरलेला. धार निदान २ मिमी जाड आणि गोल, टोक घासून वाटोळं. तलवारीची मूठ हा सर्वात मोठा धोका आहे आणि तोच कोणी पाहत नाही. जुन्या पद्धतीच्या मुठीत पात्याचं शेपूट लाखेत बसवलेलं असतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तलवारी तासभर पडल्या की लाख मऊ होते आणि पहिल्याच जोरदार वाराला पातं मुठीतून निसटून प्रेक्षकांत जातं. खेळाच्या तलवारींना मुठीतून आरपार रिव्हेट पाहिजेच. रिव्हेट नसलेली तलवार मिरवणुकीत कमरेला चालेल, हातात नाही. तपासणी साधी: मूठ एका हातात धरायची, पातं गोणपाटात धरून पिळायचं आणि कानाशी नेऊन हलवायचं. करकर आली की बाद.

दांडपट्ट्याला समोर जोडीदार नकोच. पातं लवचिक, ते कुठे वळेल ते चालवणाऱ्यालाही पूर्ण ठाऊक नसतं. चहूबाजूंनी तीन मीटर मोकळं, प्रेक्षकांची दोरी पाच मीटरवर. जांभ्याच्या पटांगणात बारीक खडी पायाखाली घसरते, आधी झाडू मारून घ्या. पाऊस पडून गेलेल्या शेवाळी चिऱ्यावर लढत घ्यायचीच नाही, यजमान कितीही आग्रह करो.

'थांबा' ही आरोळी ढोल-ताशात ऐकू येत नाही. शिट्टी आणि लाल निशाण दोन्ही हवीत. ढोलपथकाच्या म्होरक्याची नजर सरनौबताच्या निशाणावर, निशाण वर गेलं की ढोल बंद, ढोल बंद झाला की सगळे जागच्या जागी. याची तालीम वेगळी घ्या. लढत बसवायला पंधरा दिवस देतात आणि थांबण्याची तालीम पाच मिनिटंही घेत नाहीत.

मांडवीपार

कायदेशीर बाजू? एवढ्या तलवारी टेम्पोत घालून पणजीला न्यायच्या म्हणजे नाक्यावर अडवणारच.

नोंदवही

शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत तलवारी, भाले, कट्यारी आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. ती बाळगायला परवाना लागतो की नाही हे शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली त्या भागासाठी अधिसूचना आहे का यावर ठरतं. त्याखेरीज जिल्हाधिकारी मिरवणुकीच्या वा निवडणुकीच्या काळात मनाईहुकूम काढू शकतात. 'आमची बोथट आहेत' हे उत्तर नाक्यावर पुरत नाही. कारखानिसाच्या वहीत प्रत्येक हत्याराला क्रमांक, तोच क्रमांक पात्यावर ठोकलेला, कार्यक्रमाला नेताना यादीच्या दोन प्रती, एक पोलीस ठाण्यात आधीच दिलेली आणि पोच घेतलेली. हत्यारं कुलूपबंद लाकडी पेटीत, चालकाच्या केबिनमध्ये एकही नाही. कार्यक्रम संपला की मोजणी, मगच चहा.

अवांतर: सभासदाची घरगुती तलवार मंडळाच्या यादीत घालू नका. हरवली तर मंडळ अडकतं, मंडळ बुडालं तर त्याची तलवार अडकते.

चंद्रपूर

आतापर्यंत कोणी काळाच्या कलमाला हात लावला नाही, आणि उद्देशपत्रात तेच आधी येतं. 'मध्ययुगीन' हा शब्द एकटा सोडू नका. युरोपात तो पंधराव्या शतकाच्या आसपास संपतो, मराठी इतिहासलेखनात अठराव्यापर्यंत खेचला जातो. साल लिहा.

यात नुसता अभ्यासाचा हट्ट नाही, सुरक्षा आणि परवाना दोन्ही सालावर ठरतात. कदंबांच्या चंद्रपुरात म्हणजे आजच्या चांदरात, किंवा पुढे राजधानी हलली त्या गोपकपट्टणात, बारुदाचा प्रश्नच नाही. ढाल, भाला, धनुष्य, तलवार एवढ्यात खेळ बसतो. १५१० घेतलंत की गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कच्या तोफा येतात. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने फोंड्याला घातलेला वेढा किंवा त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावर घातलेला छापा दाखवायचा तर बंदुका आल्याच. दारू ठासून खरा बार काढायचा तर बंदूक आणि दारू दोन्हींना परवाना लागतो. म्हणून दोन कप्पे करा: 'इ.स. १००० ते १४७२' आणि '१४७२ ते १६८३'. १४७२ कारण महमूद गावानने गोवा घेतलं ते साल. दुसऱ्या कप्प्यात आगीची शस्त्रं फक्त लाकडी, आवाज ढोलाचा.

दुसरं कलम बाजूंचं. फिरंगी कोण होणार यावरून रुसवे होतात, आणि गोव्यात त्याला जातिधर्माचा वास लागायला वेळ लागत नाही. सासष्टीतल्या ख्रिस्ती सभासदांना दरवेळी फिरंग्यांचे कोट घालायला लावणं हा अडाणीपणा आहे. पोर्तुगिजांच्या फौजेत इथले लोक होते, मराठ्यांच्या फौजेतही होते. बाजू चिठ्ठीने, आणि लागोपाठ दोन कार्यक्रमांत एकाच माणसाला एकच बाजू नाही. देवळं, चर्च, मशिदी यांवरचे हल्ले दाखवायचे नाहीत, हे राजाच्या मर्जीवर न सोडता नियमातच घाला. इतिहासात ते घडलं याबद्दल वाद नाही, पण अर्ध्या तासाच्या लढतीत त्याचं काय दाखवणार?

जागेचंही बघा. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. अशा संरक्षित स्थळी कार्यक्रमाला लेखी परवानगी लागते आणि ती पंचायतीकडून मिळत नाही.

शिमगोकार

सरदारक्यांचं राहिलंच. देसाई, राणे आडनावाच्या पोरांना सरदारकी आधी मिळते अशी कुरबूर सगळीकडे ऐकू येते.

कुळागर

खरंय. आपल्याला गावकारी आणि महाजनकी, म्हणजे गावातले आणि देवस्थानातले वंशपरंपरेचे हक्क, अंगवळणी पडलेले, त्यामुळे वारशाने मान मिळणं कोणाला खटकत नाही. देवस्थानात ते चालतं, तिथे नियमच तसे आहेत. १८६० च्या कायद्याखालच्या मंडळात वर्गणी भरलेला प्रत्येक जण सारखा. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. मानपदवी दिल्यापासून तीन वर्षांनी आपोआप संपेल, पुन्हा द्यायची तर नव्याने. पदवीला मत, मानधन किंवा सभेत बसायची वेगळी जागा यांतलं काहीही चिकटलेलं नसेल. आणि पदवीचं नाव कोणाच्या आडनावाशी जुळणारं नसेल. जुमलेदार, हजारी चालतील, 'सरदेसाई' नको.

देवस्थान समितीतली एक गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे, मुखत्यार. सचिवाहून वेगळा, बाहेरच्या कचेऱ्यांत आणि कोर्टात संस्थेच्या वतीने उभा राहणारा. सोसायटी कायद्याच्या कलम ६ मध्ये दावा कोणाच्या नावाने चालवायचा हे नियमावलीने ठरवायची सोय आहेच. मंडळाने तिथे एक पद स्पष्ट लिहावं, म्हणजे उद्या जखमी प्रेक्षकाचा दावा आला तर नोटीस कोणी घ्यायची यावर गोंधळ नको.

जमाखर्च

शिस्तभंगाची समिती तीन जणांची, त्यात एक मंडळाबाहेरचा. राजा आणि अध्यक्ष दोघेही तिच्यात नकोत. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याला लेखी आरोप, पंधरा दिवस मुदत, मगच सुनावणी. लैंगिक छळाच्या तक्रारींना ही समिती चालणार नाही. २०१३ च्या कायद्यात स्वेच्छेने काम करणारेही येतात, त्यासाठीची समिती वेगळी आणि तिची अध्यक्ष महिलाच. अल्पवयीन मुलाबाबत लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती पोलिसांना देणं पॉक्सोखाली बंधनकारक आहे. 'मंडळातच मिटवू' म्हणणारा स्वतः गुन्ह्यात सापडतो. अठराखालच्यांना समोरासमोरची लढत नाही, तालीम पालकांच्या लेखी संमतीने.

आणि 'जखम झाल्यास मंडळ जबाबदार नाही' असल्या सह्यांवर विसंबू नका. निष्काळजीपणाचा दावा त्याने टळत नाही. गट अपघात विमा आणि सार्वजनिक दायित्व विमा दोन्ही घ्या, आणि लढत हा प्रकार पॉलिसीत वगळलेला नाही ना, ते हप्ता भरण्याआधी वाचा.

कुळागर

सगळं जमवून वेळापत्रक असं दिसतं. पावसाळ्यात कार्यक्रम नसतात, तेव्हा काम उरकायचं. मेमध्ये थकबाकीची पत्रं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कार्यकारिणीचा ठराव आणि मसुद्याची छपाई, जुनं कलम डावीकडे, नवं उजवीकडे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नोटिसा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी पहिली विशेष सभा, ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी दुसरी. त्यापुढे चवथीची तयारी सुरू होते, मग कोरम विसरा. मंजूर नियमावलीच्या प्रतीवर कार्यकारिणीच्या तिघांच्या सह्या घेऊन निबंधकाकडे. पुढे दरवर्षी वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी दाखल करायचीच आहे, तीही तारीख यातच लिहून ठेवा.

मतदान कलमवार घ्यायचं की एकगठ्ठा?

मांडवीपार

कलमवार. एकगठ्ठा घेतलं तर सरदारक्यांवर चिडलेला माणूस सुरक्षेचं कलमही पाडतो. पाच गट करा: राजा आणि पदाधिकारी, पैसा, सुरक्षा, काळ आणि बाजू, शिस्त. चिठ्ठीने मतदान, मोजायला तटस्थ दोघे. हात वर करून घेतलं तर आखाड्यातला उस्ताद कोणाकडे बघतोय यावर हात वर जातात.

शिमगोकार

दुसऱ्या सभेची नोटीस पहिल्याच सभेत वाटून टाकली तर टपालाचा खर्च वाचेल?

नोंदवही

हजर असलेल्यांचा वाचेल, गैरहजरांना पाठवावीच लागेल. आणि पहिल्या सभेआधी छापून ठेवू नका, कारण तिच्यात कोणता गट किती मतांनी मंजूर झाला ते लिहायचं असतं. मतमोजणी झाली की त्याच संध्याकाळी आकडे भरून छापा. पहिल्या सभेला सह्यांच्या वह्या दोन ठेवा, एक हजेरीची, एक मताधिकाराची. थकबाकीदार हजर राहू शकतो, चहा पिऊ शकतो, बोलूही शकतो. त्याची सही पहिल्या वहीत येते, दुसऱ्या वहीत नाही. इतिवृत्तात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.